लूत, लेप आणि जीवदया

दौलताबादच्या किल्ल्याच्या पायथ्याशी रस्त्यालगत जी लहानमोठी दुकाने आहेत, त्यांच्या फळ्यांखाली आणि हातगाड्यांच्या सावलीत कुत्र्यांचा कायमचा मुक्काम असतो. वेरूळच्या लेण्यांकडे जाणाऱ्या गाड्या येथे थांबतात, प्रवासी उरलेसुरले टाकतात आणि त्यावर ही मुकी मंडळी जगतात. वर्षातून केव्हा तरी त्यांच्यातील एखाद्याच्या कानांच्या कडा खरखरीत होतात, कोपरांवरचे केस झडतात आणि बघता बघता सारे अंग उघडे, राखाडी व भेगाळलेले दिसू लागते. ते कुत्रे रात्रभर अंग खाजवते, भिंतीला घासते आणि दिवसा कोणी हाडहूड केले नाही तर निपचित पडून राहते. लोक म्हणतात, कुत्र्याला लूत लागली.

मग औषध सांगणाऱ्यांची वाण नसते. गॅरेजवाला गाडीचे काढलेले जळके ऑइल सुचवतो. पानटपरीवाला तंबाखूचे पाणी सांगतो. कोणी रॉकेल म्हणतो, कोणी डांबरगोळ्यांची पूड म्हणतो. घरातील वडीलधारी स्त्री कडुनिंबाचा पाला उकळायला सांगते, तर काष्ठौषधींचा दुकानदार पुडीत गंधक बांधून देतो. प्रत्येकाच्या अनुभवात त्याचा उपाय एकदा तरी लागू पडलेला असतो. सांगणाऱ्याच्या मनात दया असते, लावणाऱ्याच्या मनातही असते. परंतु लेप हिताचा ठरणार की जाचाचा, हे भावनेवर ठरत नाही. ते लेपात काय आहे आणि तो कोणाच्या अंगावर लागला आहे, यावर ठरते.

दौलताबादचा आणि कुत्र्याचा संबंध तसा जुना आहे. सोळाव्या शतकात या किल्ल्याचा कारभार पाहणारे जनार्दनस्वामी हे दत्तोपासक होते आणि पैठणचे एकनाथ त्यांचे शिष्य. संतचरित्रांत अशी आख्यायिका आहे की, दत्तात्रेय मलंग फकिराच्या वेषात आले तेव्हा त्यांच्यासोबत एक कुत्री होती आणि ती कुत्री म्हणजे प्रत्यक्ष कामधेनू होती. ज्या प्राण्याला लोक दगड मारून हाकलतात त्याच्या रूपात कामधेनू पाहण्याची दृष्टी या डोंगराच्या आसमंतातील कथेत आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

याच देवगिरीवर यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे मराठी माणसाचा हेमाडपंत, होऊन गेला. त्याने वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. ज्या शास्त्रावर त्याने टीका लिहिली त्या शास्त्रात औषधाच्या नावाइतकेच महत्त्व मात्रेला, अनुपानाला, ऋतूला आणि रोग्याच्या बळाला आहे. पुढे शास्त्रातून औषधांची नावे तेवढी गावोगाव उरली. मात्रा आणि रोग्याचे बळ यांचा विचार वाटेत गळून पडला. घरगुती उपायांचे जे काही बिघडले, ते बव्हंशी येथे बिघडले.

जुन्या माणसांची नजर

तथापि जुने ते सारे टाकाऊ, असे मानण्याचे कारण नाही. खरजेचा किडा डोळ्यांना जेमतेम दिसतो. त्याची मादी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. १६८७ मध्ये बोनोमो या इटालियन वैद्याने सूक्ष्मदर्शकातून हा किडा पाहून तोच खरजेचे कारण असल्याचे लिहिले होते. तरीही त्यानंतर जवळपास दीडशे वर्षे युरोपातील अनेक विद्वान रक्तातील दोषालाच कारण मानीत राहिले. अखेर १८३४ मध्ये पॅरिसच्या एका रुग्णालयात रेनुची नावाच्या कॉर्सिका बेटावरील विद्यार्थ्याने सर्वांसमक्ष सुईच्या टोकावर तो किडा काढून दाखवला. ही युक्ती तो कोणा प्राध्यापकाकडून शिकलेला नव्हता. त्याच्या बेटावरच्या खेडवळ बायका आपल्या मुलांच्या हातांतून असेच किडे सुईने काढीत असत, ते त्याने लहानपणी पाहिले होते.

माणसाच्या खरजेचा किडा आणि कुत्र्याच्या लुतेचा किडा हे एकाच जातीचे दोन वाण होत. मादी कातडीत बोगदा करते, त्यात अंडी घालते, आणि अंड्यापासून पूर्ण वाढ झालेला किडा तयार व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. गंधकाचा उपयोग खरजेवर शतकानुशतके होत आला आहे आणि आजही गंधकयुक्त मलम माणसाच्या खरजेसाठी वापरले जाते. कडुनिंब आणि हळद यांच्या लेपाचा एक अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खरूज झालेल्या ८१४ माणसांना हा लेप दिला गेला आणि ९७ टक्के माणसे ३ ते १५ दिवसांत बरी झाल्याचे नोंदले गेले. तुलनेसाठी दुसरा गट त्यात नव्हता आणि ती सारी माणसे होती, कुत्री नव्हती; एवढी सावधगिरी बाळगली तरी आजीच्या पाल्यात काहीच तथ्य नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही.

मात्र माणसाला चालते ते कुत्र्याला चालेलच असे नाही. कुत्र्याची कातडी केसांनी झाकलेली असल्यामुळे जाड वाटते. प्रत्यक्षात तिचा वरचा थर माणसाच्या त्वचेपेक्षा पातळ असतो. तिची आम्लताही वेगळी असते. त्यामुळे माणसाचा साबण, माणसाचा शांपू आणि जखमेवरचा तीव्र जंतुनाशक द्राव तिला कोरडे करतो किंवा भाजतो. याहूनही मोठा भेद एक आहे आणि तो बहुतेक घरगुती वैद्यांच्या ध्यानात राहत नाही. कुत्रे अंग चाटते.

जिभेची कसोटी

माणसाच्या अंगावरचा लेप अंगावरच राहतो. कुत्र्याच्या अंगावरचा लेप तासाभरात जिभेवर येतो आणि तेथून पोटात जातो. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर माणसाच्या बाबतीत बाहेर लावण्याचे औषध आणि पोटात घेण्याचे औषध ही दोन स्वतंत्र खाती आहेत. कुत्र्याच्या बाबतीत ते एकच खाते आहे. म्हणून घरगुती उपाय निवडताना एक साधी कसोटी पुरेशी ठरते: जो पदार्थ कुत्र्याच्या थाळीत घालण्याचे धैर्य होणार नाही, तो त्याच्या अंगाला लावू नये.

या कसोटीवर गावातले अर्धे उपाय पहिल्याच पायरीवर बाद होतात. सर्वांत आधी जळके ऑइल. ते फुकट मिळते, एका डब्यात सारे कुत्रे माखता येते आणि काही दिवस खाज थांबल्यासारखी दिसते. तेलकट थराखाली काही किडे गुदमरतात हे खरे आहे. परंतु गाडीतून काढलेल्या तेलात यंत्राच्या झिजेतून उतरलेले धातू आणि जळणातून तयार झालेली विषारी रसायने असतात. भेगाळलेल्या कातडीतून ती आत शिरतात आणि चाटल्याने पोटात जातात. उलट्या, अतिसार, यकृत व मूत्रपिंडाचा बिघाड हा त्याचा परिणाम होय. मराठवाड्याच्या उन्हात काळ्या तेलाने माखलेले कुत्रे तापते, तेही वेगळेच. असे कुत्रे काही दिवसांनी दिसेनासे झाले की लोक समजतात, ते बरे होऊन दुसऱ्या गल्लीत गेले. कित्येकदा ते कोठे तरी आडोशाला जाऊन मेलेले असते.

रॉकेलाची गत तीच. गोचीड मारण्यासाठी ते अंगाला चोळतात. त्याने कातडी भाजते, आणि चाटताना वा ओकताना ते फुप्फुसात उतरले तर श्वास कोंडतो. तंबाखूच्या पाण्यातील निकोटिन कातडीतूनही शोषले जाते आणि लहान कुत्र्याला झटके येऊ शकतात. डांबरगोळ्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. फिनाईल फरशीसाठी आहे. कापूर तेलात घालून लावण्याची चाल पुष्कळ घरांत आहे, पण चाटलेला कापूरही झटके आणतो. मोरचूद आणि चुना यांनी जखम जळते. ती ‘सुकली’ असे वाटते, तेव्हा प्रत्यक्षात कातडीच मेलेली असते.

दौलताबादपुरता एक उपाय स्वतंत्रपणे सांगण्याजोगा आहे. या परिसरातील डोंगरांवर सीताफळाची झाडे आहेत आणि हंगामात रस्त्याकडेला टोपल्या मांडलेल्या दिसतात. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर आणि गोचिडांवर वापरण्याची, तसेच अळ्या पडलेल्या गुरांच्या जखमेत पाल्याचा चोथा भरण्याची रीत ग्रामीण महाराष्ट्रात जुनी आहे. बियांत कीटकांना मारणारे द्रव्य खरोखरच असते. परंतु तेच द्रव्य डोळ्यांना अतिशय घातक आहे. डोक्याला ही पूड लावताना ती डोळ्यांत गेल्याने बुबुळाला इजा झालेल्या माणसांच्या नोंदी वैद्यकात आहेत. माणूस निदान डोळे मिटून घेतो. कुत्रे मात्र पूड लावलेला पाय उचलते आणि डोळ्यावर चोळते. फळ गोड आहे, बी कचऱ्यात जाऊ द्यावी. आणि कुत्र्याच्या जखमेत अळ्या दिसल्या तर कोणताच पाला न भरता त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा, कारण अळ्या आत किती खोल गेल्या आहेत हे वरून कळत नाही.

कसोटीवर उतरणारे उपाय

आता उरलेला अर्धा भाग. कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी सर्वांत निर्धोक. दोन मुठी ताजा पाला तीन-चार लिटर पाण्यात दहा-पंधरा मिनिटे उकळावा, गाळून पाणी कोमट होऊ द्यावे आणि डोळे व कानांची आतली बाजू वाचवून अंगावरून घालावे. आठवड्यातून दोनदा पुरे. त्यानंतर जुन्या सुती कापडाने अंग पूर्ण कोरडे करणे हे पाण्याइतकेच महत्त्वाचे आहे. पावसाळ्यात ओलसर राहिलेल्या केसांखाली एका रात्रीत तळहाताएवढी लाल, चिकट जखम उमटते, ती याच निष्काळजीपणामुळे.

कोरड्या, भेगाळलेल्या कानांना आणि कोपरांना खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवावा. त्यात चिमूटभर हळद घातली तरी चालते. तेल बोटाने लावावे, ओतू नये. जास्त झाले तर धूळ चिकटते आणि चाटून जुलाब होतात. कडुनिंबाचे किंवा करंजाचे तेल अस्सल स्वरूपात कधीही लावू नये. एक भाग हे तेल आणि दहा भाग खोबरेल असे पातळ करून, आधी रुपयाएवढ्या जागेवर लावून, एक दिवस वाट पाहावी. पिल्ले, व्यालेली कुत्री आणि मांजरे यांना ते लावूच नये. दोन्ही तेले कडू असल्याने कुत्रे कमी चाटते, हा त्यांचा गुण. पण भरपूर पोटात गेले तर कडुनिंबाचे तेलही बाधते.

गंधक या यादीच्या कुंपणावर बसलेला आहे. तो किड्यावर खरोखर चालतो आणि पशुवैद्य आजही चुना-गंधकाचे पातळ द्रावण अंगावर घालण्यासाठी सांगतात. माणसाच्या मलमात त्याचे प्रमाण ५ ते १० टक्के असते. गावठी लेपात मात्र तो मूठ-मूठ घातला जातो. जादा गंधकाने कातडी पोळते आणि चाटल्याने पोट बिघडते. त्याची दुर्गंधी घरभर पसरते आणि जवळची चांदी काळवंडते, हे तर कोणत्याही गृहिणीच्या लक्षात येईल. म्हणून गंधक वापरायचा तर प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि लेप सुकेपर्यंत कुत्र्याच्या गळ्याभोवती पुठ्ठ्याचा शंकू बांधावा. पाळीव कुत्र्याला हे करता येते. रस्त्यावरच्या कुत्र्याला येत नाही. तेव्हा त्याच्यासाठी गंधकाचा नाद सोडणेच श्रेयस्कर.

येथे एक प्रामाणिक मर्यादा सांगितली पाहिजे. वरील निर्धोक उपाय आराम देतात, खाज कमी करतात, कातडी मऊ ठेवतात. वाढलेली लूत ते एकटे बरी करू शकत नाहीत. याची कारणे दोन आहेत.

पहिले कारण, केस झडणे हे एक लक्षण आहे आणि त्यामागचे रोग अनेक आहेत. कानाची कड बोटांनी चोळताच कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजवण्यासाठी हलू लागला, तर खरजेच्या किड्याचा संशय बळावतो. पिल्लाच्या डोळ्यांभोवती व तोंडाभोवती चट्टे पडले पण खाज फारशी नसेल, तर केसांच्या मुळाशी राहणारा दुसरा किडा असू शकतो. गोल, कडा उठून दिसणारे चट्टे हे गजकर्णाचे, म्हणजे बुरशीचे. शेपटीच्या मुळाशी खाज ही बहुधा पिसवांची. कानांत आणि पायांच्या बोटांमध्ये गोचीड. या पाचही रोग्यांना गल्लीत ‘लूत’ हेच एक नाव मिळते आणि एकाच डब्यातले तेल लावले जाते. ज्याला लागू पडले त्याची कीर्ती होते. ज्या चौघांना पडले नाही त्यांची नोंद कोणी ठेवत नाही. नफ्याची वही ठेवायची आणि तोट्याची फाडून टाकायची, असा व्यवहार कोणताही व्यापारी पेढीवर चालू देणार नाही.

दुसरे कारण काळाचे. एका लेपाने वरचे किडे मेले तरी बोगद्यातील अंडी उरतात आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा पहिला प्रसंग उभा राहतो. एकदा तेल लावून पुण्य पदरात पडले असे समजणाऱ्याच्या हातून कुत्रे फक्त पंधरा दिवसांपुरते सुटते.

गोड खाणे आणि लूत

गोड घातले की कुत्र्याला लूत लागते, ही समजूत महाराष्ट्रभर आहे. साखरेतून किडा उत्पन्न होत नाही. परंतु जे कुत्रे केवळ बिस्किटे आणि मिठाईवर जगते, त्याच्या शरीराला प्रथिने मिळत नाहीत, कातडी दुबळी होते आणि आलेला किडा फोफावतो. समजुतीमागे एवढे निरीक्षण खरे आहे. सणावाराला दारात आलेल्या कुत्र्याला पेढा घालण्याऐवजी वरणात कुस्करलेली पोळी किंवा दहीभात घातला, तर तो अंगी लागतो. मनुका आणि द्राक्षे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात, आणि चॉकलेटही विषासारखे काम करते. म्हणून सुक्या मेव्याची किंवा मिठाईची उरलेली पाकिटे त्याच्यापुढे रिकामी करू नयेत.

आणखी एक उपाय सर्रास सांगितला जातो: पिसवा आणि जंतांसाठी लसूण खायला घालणे. लसूण व कांदा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींचा नाश करतात आणि रक्तक्षय होतो. ज्या घरात हे दोन पदार्थ मुळातच येत नाहीत, तेथील कुत्रे या एका संकटातून आपोआप बचावते. तेवढ्यासाठी शेजाऱ्याकडून लसूण आणायची गरज नाही.

किडा हाही जीव

जैन घरात या टप्प्यावर एक प्रश्न उभा राहणारच. कुत्रे पंचेंद्रिय आहे, किडा विकलेंद्रिय आहे, पण जीव दोघांनाही आहे. एकाला वाचवताना असंख्यांचा घात होत असेल तर ही जीवदया कोणती? अनेक कुटुंबे या विचाराने उपचारच टाळतात, कुत्र्याला दुरून भाकरी टाकतात आणि मनातल्या मनात कष्टी होतात. श्रावकाच्या आचारात संकल्पी हिंसा आणि आरंभी हिंसा असा भेद केलेला आहे. औषधोपचार त्यांपैकी कोठे ठेवावा, हे ज्याने त्याने आपल्या गुरुजनांना विचारून ठरवावे. परंतु निर्णय करताना रोगाची गती डोळ्यांआड करता कामा नये. पहिल्या चट्ट्याला उपचार झाला तर किड्यांची संख्या थोडी असते. उपचार लांबला तर तीच संख्या अनेक पटींनी वाढते, शेजारच्या कुत्र्यांवर पसरते आणि शेवटी कुत्रे गेले की त्याच्या अंगावर जगणारे किडेही जातात. म्हणजे टाळाटाळीत हिंसा कमी होत नाही, वाढते. कुत्र्याच्या बसण्याची पोती वेळच्या वेळी धुऊन उन्हात वाळवणे, जागा कोरडी ठेवणे आणि पहिल्या लक्षणाला हालचाल करणे हा यत्नाचारच आहे. पाणी गाळून पिणाऱ्या घराला हे वेगळे शिकवावे लागू नये.

वजन पाहून औषध

पशुवैद्याकडे आज या रोगाची चांगली औषधे आहेत. त्यांतील आयव्हरमेक्टिन जपानच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून मिळाले आणि त्याच्या शोधासाठी सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हे औषध किती प्रभावी आहे हे गुरे पाळणाऱ्यांना ठाऊक आहे, आणि धोकाही तेथेच आहे. गुरांसाठी आणलेल्या बाटलीतून कुत्र्याला अंदाजाने टोचणे म्हणजे शेकडो किलोंच्या जनावराचे माप दहा-पंधरा किलोंच्या जिवाला लावणे. शिवाय कोलीसारख्या काही जातींच्या कुत्र्यांना हे औषध मेंदूपर्यंत पोहोचून मारक ठरू शकते. अलीकडे तोंडाने देण्याच्या गोळ्याही निघाल्या आहेत. वजन पाहून दिलेली एक गोळी प्रकारानुसार एक ते तीन महिने काम करते आणि ती खाण्यात लपवून देता येते. रस्त्यावरच्या, हात लावू न देणाऱ्या कुत्र्यासाठी याहून सोयीचा मार्ग नाही. त्यात जीभ आड येत नाही, उलट कामी येते.

पशुसंवर्धन खात्याचे दवाखाने तालुक्या-तालुक्यांत आहेत. दौलताबादहून जिल्ह्याचे शहर गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास आहे, आणि मराठवाड्यात परभणी व उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. साधन दूर आहे असे म्हणण्याची सोय उरलेली नाही.

घरातील माणसांनाही यात जोखीम असते. लुतेच्या कुत्र्याला कुरवाळणाऱ्या मुलाच्या हातांवर व पोटावर खाजरे पुरळ उठू शकते. कुत्र्यावर उपचार झाले की ते बहुधा ओसरते, पण गजकर्ण माणसात टिकते. म्हणून हाताळताना हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत. वेदनेने पिसाटलेले कुत्रे लेप लावणाऱ्यालाच चावू शकते. चावा किंवा ओरखडा लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. तेथे हळद-तिखट दाबून बसण्याइतका घातक घरगुती उपाय दुसरा नाही.

दयेची पेढी

१८३२ च्या जून महिन्यात मुंबईत सरकारी हुकमाने मोकाट कुत्री मारली जाऊ लागली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर आला आणि इतर समाजांचे लोकही त्यात सामील झाले. पुढे दोनच वर्षांत, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि जैन शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. पॅरिसमध्ये सुईच्या टोकावर खरजेचा किडा दिसला तेही हेच वर्ष. एकीकडे रोगाचे कारण सापडले, दुसरीकडे रोगी जनावराला जागा मिळाली. त्या व्यापाऱ्यांनी केवळ हळहळ व्यक्त केली नाही. त्यांनी जागा घेतली, देणग्या जमवल्या आणि खर्चाची कायमची तजवीज लावली. दिल्लीच्या लाल मंदिरातील पक्ष्यांचे रुग्णालयही याच परंपरेतील आहे. तेथे दयेला डॉक्टरांची जोड आहे.

एवढी मोठी संस्था प्रत्येक गावाला शक्य नाही आणि तिची गरजही नाही. एका बाजाराच्या दहा-बारा दुकानांनी मिळून एक वही ठेवली तरी पुष्कळ होते. आपल्या रस्त्यावर कुत्री किती, कोणाला केव्हा कोणते औषध दिले, वजन अंदाजे किती, पुन्हा केव्हा द्यायचे आणि कोणाचे नसबंदी व रेबीजचे लसीकरण झाले, एवढे त्यात लिहावे. प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ यांनुसार नसबंदी व लसीकरण करून कुत्र्याला त्याच्याच भागात परत सोडण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर आहे. वही हातात असलेला दुकानदार त्या कार्यालयात अधिक ठामपणे बोलू शकतो. पशुवैद्याला महिन्यातून एकदा बोलावण्याचा खर्च दहा दुकानांत वाटला तर एकालाही जड जाणार नाही.

तोवर दारातल्या कुत्र्यासाठी कडुनिंबाचा पाला उकळायला हरकत नाही. जळक्या ऑइलचा डबा मात्र गॅरेजमध्येच राहू द्यावा. आणि औषधाची दुसरी मात्रा ज्या दिवशी द्यायची आहे, तो दिवस दिनदर्शिकेवर आजच खूण करून ठेवावा. लूत त्या दुसऱ्या मात्रेने जाते.